प्रयोगशाळांचे शिल्पकार : डॉ. शांतिस्वरूप भटनागर

(आपल्या देशात तरुण शास्त्रज्ञांना दिला जाणारा एक मोठा राष्ट्रीय पुरस्कार डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नावाने ओळखला जातो. हे भटनागर कोण होते, त्यांचे बालपण कसे गेले, त्यांनी देशासाठी काय केले आणि तरुणांच्या पुरस्काराला त्यांचे नाव किती शोभते, हे या पाठात सांगितले आहे.)

पंजाबात झेलम नदीच्या काठी भेरा नावाचे एक जुने गाव आहे. आज ते पाकिस्तानात आहे. या गावात २१ फेब्रुवारी १८९४ रोजी शांतिस्वरूपचा जन्म झाला. त्याचे वडील परमेश्वरी सहाय हे शाळेत शिक्षक होते. बाळ अवघे आठ महिन्यांचे असताना वडील वारले. घरातला मिळवता माणूस गेला. आई लहानग्या शांतिस्वरूपला घेऊन आपल्या वडिलांच्या घरी राहायला आली.

हे आजोळ उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात सिकंदराबाद येथे होते. हैदराबादजवळचे सिकंदराबाद वेगळे आणि हे वेगळे. मिर्झा गालिब यांचे शिष्य मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' हे याच गावचे. त्यामुळे या गावाला शेर-शायरीची परंपरा होती. शांतिस्वरूपचे आजोबा मात्र इंजिनियर होते. त्यांच्याकडे मोजमापाची साधने होती, नकाशे होते, यंत्रांची माहिती देणारी पुस्तके होती. पोरका नातू या वस्तूंमध्ये रमून जाई. दोरीचा टेलिफोन तयार करणे, विजेची छोटी बॅटरी बनवणे, चालणारी खेळणी जोडणे हे त्याचे आवडते उद्योग होते. एखादी वस्तू मोडली की ती कशी चालत होती हे तो आधी पाहून घेई.

शांतिस्वरूपचे पहिले शिक्षण एका मकतबात झाले. तेथे उर्दूशी त्याची जी ओळख झाली, ती जन्मभर टिकली. पुढे तो गावातील हायस्कूलमध्ये जाऊ लागला. अभ्यासात तो हुशार होता. पण हुशारीला पुढची वाट दाखवणारे कोणीतरी लागते. ती वाट वडिलांच्या एका मित्राने दाखवली.

या मित्राचे नाव रघुनाथ सहाय. ते लाहोरच्या दयालसिंग हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. दिवंगत मित्राच्या मुलाला त्यांनी लाहोरला बोलावून घेतले आणि १९०८ च्या सुमारास आपल्या शाळेत घातले. लाहोर हे त्या काळी उत्तर भारतातील शिक्षणाचे मोठे केंद्र होते. लहान गावातून आलेला हा मुलगा तेथे बिचकला नाही. १९११ मध्ये तो मॅट्रिकची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि त्याला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली.

त्याच वर्षी त्याने एक विशेष काम केले. विजेच्या बॅटरीत कार्बनच्या कांड्या लागतात. या कांड्या परदेशातून येत आणि त्यांना किंमतही बरीच पडे. शांतिस्वरूपने काकवी आणि कोळशासारखे पदार्थ एकत्र करून, त्यांच्यावर दाब देऊन आणि उष्णता देऊन तशा कांड्या बनवण्याची रीत शोधली. ही रीत त्याने अलाहाबादच्या 'लीडर' या वर्तमानपत्राला कळवली आणि ती छापून आली. तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते. हाताशी असलेल्या साध्या पदार्थांतून गरजेची वस्तू बनवायची, ही त्याची पुढच्या आयुष्यातील पद्धत येथेच दिसू लागली.

शाळेनंतर शांतिस्वरूप दयालसिंग कॉलेजात गेला. तेथे त्याला नाटकाची गोडी लागली. कॉलेजच्या नाट्यमंडळात तो भूमिका करी. त्याने उर्दूत 'करामाती' नावाची एकांकिकाही लिहिली. या एकांकिकेच्या इंग्रजी अनुवादाला त्या मंडळाचे १९१२ सालचे उत्कृष्ट नाटकाचे बक्षीस मिळाले. एका हातात परीक्षानळी आणि दुसऱ्या हातात लेखणी असा हा विद्यार्थी होता. पुढेही या दोन्ही गोष्टी त्याने सोडल्या नाहीत.

त्यानंतर लाहोरच्याच फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून १९१६ मध्ये त्याने बी. एस्‌सी. आणि १९१९ मध्ये एम. एस्‌सी. केले. दरम्यान १९१५ मध्ये रघुनाथ सहाय यांची कन्या लाजवंती हिच्याशी त्याचा विवाह झाला होता. शिकता शिकता त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीही केली. संसार होता, जबाबदारी होती, पण संशोधक होण्याची इच्छा मनातून जात नव्हती.

या इच्छेला दयालसिंग ट्रस्टने मदत केली. परदेशी शिक्षणासाठी ट्रस्टने भटनागरांना शिष्यवृत्ती दिली. त्यांना अमेरिकेला जायचे होते. त्यासाठी ते आधी इंग्लंडला पोहोचले. पण पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. अमेरिकन सैनिक मायदेशी परतत होते आणि सर्व जहाजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. भटनागरांना जहाजात जागाच मिळाली नाही. परक्या मुलखात, ठरवलेला बेत मोडलेला, अशा स्थितीत एखादा तरुण निराश होऊन परत आला असता. भटनागरांनी ट्रस्टची परवानगी मिळवली आणि लंडनमध्येच शिकायचे ठरवले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रोफेसर डोनन हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी भटनागरांना आपल्या हाताखाली घेतले. तेल आणि पाणी एकमेकांत का मिसळत नाहीत, कोणता पदार्थ घातला तर ते मिसळून राहतात, अशा प्रकारच्या प्रश्नांचा अभ्यास तेथे चालत असे. भटनागरांनी तेलांसंबंधी संशोधन केले आणि १९२१ मध्ये त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी ते भारतात परतले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी बनारस हिंदू विद्यापीठ स्थापन करून थोडीच वर्षे झाली होती. तेथे भटनागर रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. बनारसला ते तीन वर्षे राहिले. त्या काळात त्यांनी विद्यापीठासाठी हिंदीत एक गीत लिहिले. विद्यापीठाचे कुलगीत म्हणून ते आजही गायले जाते.

१९२४ मध्ये भटनागर लाहोरला परतले. पंजाब विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळांचे ते संचालक झाले. पुढची सोळा वर्षे त्यांनी तेथे काढली. या काळात पदार्थांच्या चुंबकीय गुणधर्मांचा त्यांनी खूप अभ्यास केला. के. एन. माथुर यांच्याबरोबर त्यांनी १९२८ मध्ये हे गुणधर्म मोजणारे एक नाजूक यंत्र तयार केले. लंडनच्या हिल्गर कंपनीने ते यंत्र बनवून विकायला सुरुवात केली. भारतीय प्रयोगशाळेत जन्मलेले यंत्र इंग्लंडमध्ये तयार होऊ लागले, ही त्या काळी अभिमानाची गोष्ट होती. या विषयावर त्यांनी माथुर यांच्याबरोबर लिहिलेला ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण भटनागरांना केवळ पुस्तकी संशोधनात समाधान नव्हते. शेतकऱ्याच्या, कारखानदाराच्या अडचणीही ते आपल्या प्रयोगशाळेत आणत. सर गंगाराम हे पंजाबातील मोठे इंजिनियर आणि दानशूर गृहस्थ होते. उसाचा रस काढल्यावर जी चिपाडे उरतात, त्यांचे काय करावे हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. भटनागरांनी त्या चिपाडांपासून गुरांसाठी खाद्याच्या वड्या बनवण्याची रीत काढून दिली. मुंबईच्या टाटा ऑइल मिल्ससारखे कारखानेही त्यांचा सल्ला घेऊ लागले.

अशीच एक अडचण घेऊन रावळपिंडीजवळची एक तेल कंपनी त्यांच्याकडे आली. तिचे नाव अटक ऑइल कंपनी. जमिनीत खोल छिद्र पाडून ही कंपनी खनिज तेल काढत असे. असे छिद्र पाडताना त्यात मातीचा पातळ चिखल सोडावा लागतो. हा चिखल खोदणाऱ्या पात्याला थंड ठेवतो आणि फुटलेल्या खडकाचा चुरा वर आणतो. पण त्या भागात जमिनीखाली खारे पाणी होते. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की हा चिखल घट्ट होई, हळूहळू दगडासारखा कठीण होई, आणि खोदकाम बंद पडे. कंपनीचे इंजिनियर हैराण झाले होते.

भटनागरांनी या प्रश्नाकडे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. दुधात लिंबू पिळले की दूध फाटते, म्हणजे त्यातील बारीक कण एकत्र येऊन गोळे बनतात. चिखलाचेही काहीसे तसेच होत होते. मातीचे अतिशय बारीक कण पाण्यात वेगवेगळे तरंगत होते, तोवर चिखल पातळ होता. मीठ मिसळताच ते कण एकमेकांना चिकटत होते. मग या कणांना वेगळे कसे ठेवायचे? भटनागरांनी चिखलात आपल्याकडे मिळणारा एक प्रकारचा डिंक मिसळून पाहिला. डिंकामुळे कण एकमेकांपासून दूर राहिले. खारे पाणी मिसळूनही चिखल पातळच राहिला आणि खोदकाम पुन्हा सुरू झाले. एवढा मोठा प्रश्न बाजारात सहज मिळणाऱ्या डिंकाने सुटला.

कंपनी बेहद्द खूश झाली. तिच्या मागे लंडनची स्टील ब्रदर्स ही मोठी संस्था होती. खनिज तेलासंबंधी पुढचे संशोधन करण्यासाठी या संस्थेने भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी दीड लाख रुपये ही फार मोठी रक्कम होती. भटनागर काही श्रीमंत घरातले नव्हते. लहानपणी वडील गेलेले, आजोळी वाढलेले, शिष्यवृत्त्यांवर शिकलेले असे ते एक प्राध्यापक होते. घरी पत्नी होती, मुले होती. ही रक्कम त्यांनी स्वतः स्वीकारली असती तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. काम त्यांनी केले होते आणि बोलावणेही त्यांनाच आले होते.

भटनागरांनी ती रक्कम स्वतःकडे घेतली नाही. ती विद्यापीठाला द्यावी, असे त्यांनी कंपनीला सुचवले. कंपनीने ते मान्य केले. त्या पैशातून विद्यापीठात खनिज तेलाच्या संशोधनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तरुण संशोधकांना तेथे शिष्यवृत्ती मिळू लागली, साधने मिळू लागली. मेणाचा वास कसा काढावा, घासलेटच्या दिव्याची ज्योत मोठी कशी व्हावी, तेल गाळताना वाया जाणाऱ्या पदार्थांचा उपयोग कसा करावा, अशा प्रश्नांवर ते काम करू लागले. घासलेटचा दिवा तेव्हा भारतातील गरिबांच्या घरोघरी जळत होता. म्हणून या संशोधनाचा फायदा केवळ कंपनीचा नव्हता. काम चांगले चाललेले पाहून कंपनीने पुढे रक्कम वाढवली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षे केली.

भटनागरांच्या या वागण्याची देशभर चर्चा झाली. विख्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९३४ मध्ये त्यांना पत्र लिहून त्यांचे कौतुक केले. भटनागरांच्या त्यागामुळे लोकांच्या नजरेत विद्यापीठातील शिक्षकांची इज्जत वाढली आहे, अशा आशयाचे ते पत्र होते.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारा माल कमी झाला. औषधे, रंग, वंगण, काच अशा कितीतरी वस्तू आपल्याकडे बनतच नव्हत्या. त्या वेळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. युद्धाच्या गरजेमुळे सरकारला भारतीय शास्त्रज्ञांची आठवण झाली. एप्रिल १९४० मध्ये सरकारने औद्योगिक संशोधनासाठी एक मंडळ स्थापन केले आणि भटनागरांना त्याचे संचालक नेमले. या मंडळासाठी वर्षाला पाच लाख रुपये मंजूर झाले. भटनागरांनी लाहोर सोडले आणि कलकत्त्याला अलीपूर येथे काम सुरू केले. नंतर हे काम दिल्लीला हलले. विषारी वायूपासून रक्षण करणारे कापड, आग विझवणारा फेस, वनस्पती तेलांपासून बनवलेले वंगण अशा अनेक वस्तू त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केल्या.

भटनागरांची नजर मात्र युद्धाच्या पलीकडे होती. युद्ध संपले की सरकार हे मंडळ गुंडाळून ठेवील, ही भीती त्यांना होती. म्हणून संशोधनासाठी कायमची संस्था हवी, असा त्यांनी आग्रह धरला. सर रामस्वामी मुदलियार यांनी हा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. नोव्हेंबर १९४१ मध्ये पाच वर्षांसाठी दरवर्षी दहा लाख रुपये देण्यास मंजुरी मिळाली. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सी. एस. आय. आर., ही संस्था अस्तित्वात आली. १९४३ मध्ये भटनागर लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. शास्त्रज्ञाला मिळणाऱ्या मोठ्या मानांपैकी हा एक मान आहे.

१९४६ मध्ये त्यांची पत्नी लाजवंती वारली. हा घाव त्यांना फार लागला. भटनागर जन्मभर उर्दूत कविता लिहीत आले होते. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांच्या कवितांचा संग्रह निघाला. त्या संग्रहाचे नाव 'लाजवंती' असे आहे.

पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि देशाची फाळणीही झाली. भेरा हे जन्मगाव, लाहोरची शाळा, ज्या प्रयोगशाळेत सोळा वर्षे घालवली ती प्रयोगशाळा, अटकच्या तेलविहिरी, हे सारे सीमेच्या पलीकडे गेले. अर्धे आयुष्य ज्या भूमीत घडले, ती आता दुसऱ्या देशात होती. भटनागर तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. पण दुःख करत बसायला वेळ नव्हता. नव्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या.

देश गरीब होता. धान्याची टंचाई होती, निर्वासितांना घरे नव्हती. अशा वेळी मोठमोठ्या प्रयोगशाळांवर पैसा खर्च करावा का, असे पुष्कळांना वाटत होते. काही शास्त्रज्ञांचाही आक्षेप होता. संशोधन विद्यापीठांतच वाढावे, वेगळ्या प्रयोगशाळा काढल्या तर विद्यापीठांतील चांगले शिक्षक तिकडे ओढले जातील, असे त्यांचे मत होते. मेघनाद साहा यांनाही असेच वाटत होते. हा आक्षेप खोटा नव्हता आणि पुढेही त्यावर वाद होत राहिला. भटनागरांचे म्हणणे असे, की कारखान्यांचे आणि शेतीचे मोठे प्रश्न सोडवायचे तर मोठी यंत्रे आणि पूर्ण वेळ काम करणारे संशोधक हवेत. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांचा त्यांना पूर्ण पाठिंबा होता.

पैसा उभा करण्यात भटनागरांचा हातखंडा होता. सरकारने एक कोटी रुपये मंजूर केले. टाटा उद्योगसमूहाने वीस लाख रुपये दिले. तमिळनाडूतील कारैकुडीचे अळगप्पा चेट्टियार यांनी पंधरा लाख रुपये आणि तीनशे एकर जमीन दिली. एकेका इमारतीची कोनशिला बसू लागली.

महाराष्ट्राच्या वाट्याला राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आली. पुण्यात पाषाण रस्त्यावर तिची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसवण्यात आली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी या प्रयोगशाळेचे उद्‌घाटन केले. त्याच महिन्यात २१ तारखेला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उद्‌घाटन सरदार पटेल यांनी केले. धनबादला इंधनासाठी, जमशेदपूरला धातूंसाठी, कलकत्त्याला काचेसाठी, म्हैसूरला अन्नपदार्थांसाठी, लखनौला औषधांसाठी, मद्रासला चामड्यासाठी अशा प्रयोगशाळा पाठोपाठ उघडल्या. भटनागरांच्या हयातीत अशा बारा प्रयोगशाळांची उभारणी झाली.

याशिवाय इतर अनेक कामे त्यांच्याकडे होती. १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला, तेव्हा होमी भाभा आणि के. एस. कृष्णन यांच्याबरोबर ते त्याचे सदस्य होते. भारतात तेल शुद्ध करण्याचे कारखाने निघावेत म्हणून परदेशी कंपन्यांशी बोलणी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे निघालेले कारखाने हे त्या बोलण्यांचे फळ होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये त्यांना 'पद्मभूषण' हा किताब मिळाला.

या सगळ्या धावपळीची किंमतही त्यांना मोजावी लागली. एके काळी रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत रमणाऱ्या या माणसाचे दिवस आता कचेऱ्यांत, बैठकांत आणि प्रवासात जाऊ लागले. स्वतःचे संशोधन मागे पडले. इतरांनी संशोधन करावे म्हणून त्यांनी आपले संशोधन बाजूला ठेवले होते. १ जानेवारी १९५५ रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते साठ वर्षांचे होते.

त्यांचे स्मारक कसे करावे? परिषदेने १९५७ मध्ये त्यांच्या नावाने विज्ञानातील उत्तम संशोधनासाठी पुरस्कार ठेवला. पहिला पुरस्कार १९५८ मध्ये के. एस. कृष्णन यांना मिळाला. कृष्णन हे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते आणि तेव्हा ते ज्येष्ठ शास्त्रज्ञ होते. पुढे मात्र हा पुरस्कार पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी ओळखला जाऊ लागला. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, वैद्यक, इंजिनियरिंग आणि पृथ्वीविषयक शास्त्रे अशा सात शाखांत तो दिला जाई. मागील पाच वर्षांत मुख्यतः भारतात केलेल्या कामाचा त्यासाठी विचार होई. म्हणजे संशोधक तरुण हवा, काम ताजे हवे आणि ते आपल्या देशात झालेले हवे. परिषदेच्या स्थापनादिनी, २६ सप्टेंबरला, विजेत्यांची नावे जाहीर करण्याची प्रथा पडली.

या पुरस्काराच्या मानकऱ्यांची यादी वाचताना भारतातील विज्ञानाचा इतिहासच डोळ्यांपुढे येतो. १९६१ मध्ये वनस्पतींतील औषधी द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या असीमा चटर्जी यांना तो मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्याच वर्षी शेतीशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन आणि पुढच्या वर्षी विक्रम साराभाई यांना तो मिळाला. १९७६ मध्ये ओबेद सिद्दिकी हे मानकरी ठरले. अलीगढला शिकलेल्या सिद्दिकींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करून, एवढीशी फळमाशी वास आणि चव कशी ओळखते याचा शोध घेतला. १९७८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा गौरव झाला.

१९८२ च्या मानकऱ्यांत रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील वारले आणि आई त्यांना घेऊन मुंबईला आली. आईने कष्ट करून त्यांना शिकवले. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत दाखल झाले आणि तेथील संशोधनाने नावारूपाला आले. नंतर ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९९५ मध्ये भटनागरांनी घडवलेल्या परिषदेचे महासंचालक झाले. पितृछत्र हरपलेल्या एका मुलाने उभी केलेली प्रयोगशाळा तशाच दुसऱ्या एका मुलाच्या उपयोगी पडली.

काळाबरोबर पुरस्काराचे स्वरूपही बदलले. सरकारने विज्ञानातील पुरस्कारांची नवी रचना केली आणि त्यांना राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार असे नाव दिले. त्यातील पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी असलेल्या पुरस्काराचे नाव 'विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर' असे आहे. २२ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते राष्ट्रपती भवनात हे नवे पुरस्कार प्रथम देण्यात आले. त्या दिवशी अठरा तरुण शास्त्रज्ञांना विज्ञान युवा पुरस्कार मिळाला. रचना बदलली, तरी तरुणांच्या पुरस्काराशी जोडलेले भटनागरांचे नाव कायम राहिले.

मुलांनो, पुरस्कार हा काम झाल्यावर मिळतो. काम सुरू होण्याआधी मात्र माणसाला इतर गोष्टींची गरज असते. भटनागरांना आजोबांच्या घरातील साधने मिळाली. रघुनाथ सहाय यांनी शाळेत जागा दिली. ट्रस्टने शिष्यवृत्ती दिली. डोनन यांनी प्रयोगशाळेचे दार उघडले. यातील एक जरी गोष्ट वेळेवर मिळाली नसती, तरी भेऱ्याचा हा मुलगा कदाचित मागे राहिला असता. भटनागर हे विसरले नाहीत. दीड लाख रुपये हाती येत असताना त्यांना बहुधा तेच आठवले असावे. ज्या मुलांना ते ओळखतही नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी साधने, शिष्यवृत्त्या आणि प्रयोगशाळा उभ्या केल्या. आज त्या प्रयोगशाळांत हजारो तरुण काम करतात. त्यांतल्या फार थोड्यांना पुरस्कार मिळतो, पण काम करायला जागा सर्वांना मिळते.